दांड्याची दीर्घिका: एनजीसी १३६५

इअरफोन नीट लावा, आणि जमलं तर एक काम करा. फोनच्या ब्राउझरमध्ये 'एनजीसी १३६५' टाइप करून फोटो उघडा. लोकलमध्ये किंवा एसटीत असाल आणि नेटवर्क येत-जात असेल तरी हरकत नाही, मी वर्णन सांगतेच.

मधोमध पिवळसर, झगझगीत गाभा. त्या गाभ्यातून दोन्ही बाजूंना सरळ गेलेला ताऱ्यांचा एक दांडा. आणि दांड्याच्या दोन टोकांपासून निघालेल्या दोन लांब, वळलेल्या, निळसर भुजा. विमानाच्या जुन्या दोन पात्यांच्या पंख्यासारखं दिसतं सगळं. अशा दीर्घिकेला दंडयुक्त सर्पिल दीर्घिका म्हणतात. दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी. आपल्या स्वतःच्या दीर्घिकेला आपण आकाशगंगा म्हणतो. ही आपली नाही, ही फार लांबची आहे.

हा फोटो पाहिला की सगळ्यांचं लक्ष भुजांकडे जातं. साहजिक आहे, भुजा देखण्या आहेत. पण आज मला त्या दांड्याबद्दल बोलायचंय. कारण या दीर्घिकेत जे काही मोठं घडतंय, नवे तारे, मधलं कृष्णविवर, त्याच्यामागे हा साधा दिसणारा दांडा आहे. आणि असाच एक दांडा आपल्याही घरात आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ.

आधी ओळख करून घेऊ. जेम्स डनलॉप या निरीक्षकाने १८२६ साली ऑस्ट्रेलियातून ही दीर्घिका पहिल्यांदा नोंदवली. ती फोरनॅक्स नावाच्या तारकासमूहात आहे. फोरनॅक्स म्हणजे भट्टी. लाकाय नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला बसून दक्षिणेच्या आकाशाची मोजणी केली, आणि रिकाम्या दिसणाऱ्या जागांना प्रयोगशाळेतल्या वस्तूंची नावं देऊन टाकली. त्यातली ही रसायनशाळेची भट्टी.

आता अंतर. साधारण ५.६ ते ६ कोटी प्रकाशवर्षं. म्हणजे आज तुमच्या स्क्रीनवर जो प्रकाश आहे, तो तिथून निघाला जवळजवळ सहा कोटी वर्षांपूर्वी. हा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून असा विचार करा. आपला सह्याद्री ज्या काळ्या कातळाचा बनलाय, तो लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. तो थंड होऊन दगड झाला, डायनोसोर संपले, त्यानंतर केव्हातरी हा प्रकाश तिकडून निघाला. म्हणजे राजगडावर दुर्बीण लावून तुम्ही ही दीर्घिका पाहिलीत, तर पायाखालचा दगड त्या प्रकाशापेक्षा जुना आहे.

पण थांबा. "सहा कोटी प्रकाशवर्षं" हे मोजलं कोणी? टेप तर लावता येत नाही. मला वाटतं हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, कारण अंतर चुकलं तर आकार चुकला, तेज चुकलं, सगळंच चुकलं.

उत्तर आहे एका खास प्रकारच्या ताऱ्यांत. त्यांना सेफिड म्हणतात. हे तारे ठरलेल्या लयीत तेजस्वी होतात, मंद होतात, पुन्हा तेजस्वी होतात. काहींना तीन दिवस लागतात, काहींना महिना. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत काम करणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ साली दाखवून दिलं की ज्याची लय संथ, तो तारा मुळात जास्त तेजस्वी. किती सोपं झालं बघा. लय मोजा, त्यावरून ताऱ्याचं खरं तेज कळलं. इथून तो किती मंद दिसतो ते मोजा. दोन्हीची तुलना केली की अंतर निघालं. रात्री लांबच्या वाडीतला बल्ब साठ वॅटचा आहे हे माहीत असेल, तर तो किती मिणमिणता दिसतोय यावरून वाडी किती लांब ते सांगता येईल ना? तसंच.

१९९५ साली हबल दुर्बिणीने एनजीसी १३६५ मध्ये असे पन्नासच्या आसपास सेफिड शोधले. सहा कोटी प्रकाशवर्षांवरचे सुटे-सुटे तारे! त्यांच्या लयी मोजल्या आणि अंतर हाती आलं.

अंतर मिळाल्यावर बाकीचं हिशेबानं येतं. आकाशात ही दीर्घिका चंद्राच्या बिंबाच्या साधारण एक तृतीयांश लांबीची आहे. इतक्या लांबून एवढी मोठी दिसते, म्हणजे ती मुळात अवाढव्य असणार. टोकापासून टोकापर्यंत सुमारे २ लाख प्रकाशवर्षं. आपली आकाशगंगा साधारण १ लाख प्रकाशवर्षांची धरतात. म्हणजे हिचा पसारा जवळपास दुप्पट.

आणि ती आपल्यापासून लांब जातेय. तिच्या वर्णपटातल्या रेषा लाल बाजूला सरकलेल्या दिसतात, मराठीत याला ताम्रसृती म्हणतात. त्यावरून वेग निघतो सेकंदाला सुमारे १,६०० किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. एका सेकंदात मुंबईहून नागपूरला जाऊन परत आलात, तरी दोनशे किलोमीटर शिल्लक राहतील. यातला मोठा भाग विश्वाच्या प्रसरणामुळे आहे.

आता मूळ मुद्दा. दांडा.

दांडा म्हटलं की आपल्याला लाकडाचा किंवा लोखंडाचा दांडा आठवतो. हा तसा नाही. यात घट्ट काहीच नाही. हे कोट्यवधी तारे आहेत, आणि प्रत्येक जण आपापल्या लांबट, अंड्याच्या आकाराच्या कक्षेत फिरतोय. या सगळ्या लांबट कक्षा एकाच दिशेला लांबलेल्या असल्यामुळे मिळून दांड्याचा आकार दिसतो. बोरघाटात गाड्यांची रांग लागते ना, ती वरून बघितली तर रांग तिथेच असते, पण तिच्यातल्या गाड्या बदलत राहतात. काहीसं तसंच. तारे आत येतात, बाहेर जातात, आकार मात्र टिकून राहतो, आणि तो आकार स्वतःही हळूहळू फिरतो. किती हळू? दांड्याच्या टोकाकडच्या भागाला एक फेरी पूर्ण करायला सुमारे ३५ कोटी वर्षं लागतात. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा पृथ्वीवर डायनोसोर जन्मलेही नव्हते.

मग हा दांडा करतो काय? ताक घुसळायची रवी डोळ्यासमोर आणा. रवी फिरते आणि भांड्यातलं सगळं ढवळून निघतं. दांड्याचं गुरुत्वाकर्षण एकसारखं गोल नाही, लांबट आहे. ते फिरताना आजूबाजूच्या ताऱ्यांना आणि वायूला ओढत राहतं. ताऱ्यांना त्याचा फारसा त्रास नाही, कारण तारे एकमेकांपासून इतके लांब असतात की टक्कर होतच नाही. पण वायूचे ढग मात्र एकमेकांवर आदळतात. आदळले की त्यांचा फिरण्याचा जोर कमी होतो. जोर कमी झाला की ते त्या कक्षेत टिकू शकत नाहीत, आतल्या बाजूला घसरतात.

फोटोत पुन्हा बघा. दांड्यावर तपकिरी-काळपट रेषा दिसतायत? त्या धुळीच्या रेषा आहेत. वायू आणि धूळ जिथे आदळून दाबली जाते, तीच ही जागा. म्हणजे ती नुसती नक्षी नाही, बाहेरचा माल आत नेणारी वाटच तुम्ही बघताय. खेडेगावात पायवाट उमटलेली दिसली की कळतं ना, इथून रोज माणसं जातात. अगदी तसं.

यात एक घरगुती गोष्टही आहे, ती मला फार आवडते. बर्टिल लिंडब्लाड हे स्वीडनमधले मोठे खगोलशास्त्रज्ञ. दीर्घिका कशा फिरतात, त्यात लाटा आणि लयी कशा तयार होतात, याचं गणित त्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलं. त्यांचे चिरंजीव पेर ओलोफ लिंडब्लाड. त्यांनी १९६०च्या आसपास, कॉम्प्युटर खोलीभर असायचे त्या काळात, दीर्घिकांच्या फिरण्याची गणितं कॉम्प्युटरवर करून पाहिली. आणि पुढे १९९९ साली एनजीसी १३६५ या एकाच दीर्घिकेवर मोठा आढावा-लेख लिहिला. वडिलांनी नियम शोधले, मुलाने ते एका खऱ्या दीर्घिकेत तपासले.

बरं, आत नेलेल्या मालाचं होतं काय?

बहुतेक वायू गाभ्याभोवती कड्यासारखा साठतो. तिथे दाटी झाली की तारे जन्मतात. एनजीसी १३६५ मध्ये दर वर्षी सुमारे १७ सूर्य होतील इतक्या वस्तुमानाचे नवे तारे तयार होतात. आपल्या आकाशगंगेत हा आकडा दोनच्या आसपास आहे. पण त्या गाभ्यातले तारे साध्या प्रकाशात नीट दिसत नव्हते, कारण मध्ये धूळ. ज्या धुळीने माल आत आणला, तिनेच पडदा लावलेला.

इथे जेम्स वेब दुर्बीण कामी आली. ती अवरक्त किरणांत बघते, आणि अवरक्त किरण धुळीतून बऱ्यापैकी पार होतात. एकोणीस जवळच्या दीर्घिकांचा अभ्यास करणाऱ्या एका मोठ्या प्रकल्पात वेबने हिचेही फोटो घेतले, २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. गाभ्याजवळ कोवळ्या ताऱ्यांचे भले मोठे गुच्छ सापडले, त्यातले बरेच आधी धुळीआड लपलेले.

आणि हो, "वेबचे फोटो खोटे असतात का?" असं विचारणाऱ्यांसाठी लगे हाथ सांगते. अवरक्त किरण आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत, त्यामुळे त्यांना कुठला तरी रंग द्यावाच लागतो. पण तो मनाला येईल तसा देत नाहीत. साधारणपणे कमी तरंगलांबीला निळा, जास्त तरंगलांबीला लाल. म्हणजे रंग बदलला की मोजमाप बदललेलं असतं. फोटो खोटा नाही, भाषांतरित आहे.

आता सगळ्यात आत जाऊ. गाभ्यात एक कृष्णविवर आहे, सुमारे वीस लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं. त्यात पडणारा वायू भोवती चकतीसारखा फिरतो, भयंकर तापतो आणि क्ष-किरण सोडतो. २००६च्या एप्रिलमध्ये चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने दोन आठवड्यांत सहा वेळा तिकडे पाहिलं. चंद्रा हे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून दिलेलं आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. तर सहापैकी एका वेळी ते क्ष-किरण जवळजवळ गायब! दोन दिवसांत पुन्हा आले. मध्ये वायूचा एक दाट ढग आडवा गेला होता. चक्क ग्रहण लागलं होतं. आणि ग्रहणाला किती वेळ लागला यावरून त्या तापलेल्या भागाचा आकार काढता आला: पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण सातपट. सहा कोटी प्रकाशवर्षांवरची एवढीशी गोष्ट! कुठल्याही दुर्बिणीला ती वेगळी दिसली नसती, ढगाच्या सावलीने ती मोजून दिली.

पुढे २०१२ मध्ये नूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन या दोन दुर्बिणींनी एकाच वेळी तिकडे पाहिलं. तिथल्या लोखंडाच्या अणूंमधून येणारी क्ष-किरणांची रेषा विचित्र पसरलेली दिसते, हे आधीपासून माहीत होतं. वाद होता कारणाचा. एक गट म्हणायचा, कृष्णविवराच्या प्रचंड गुरुत्वाकर्षणामुळे आणि त्याच्या फिरण्यामुळे ती ओढली गेलीय. दुसरा म्हणायचा, छे, मध्ये ढग आहेत म्हणून तसा भास होतो. दोन्ही दुर्बिणींची मापं एकत्र ठेवल्यावर नुसत्या ढगांचं उत्तर पुरेना. २०१३ साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष आला: हे कृष्णविवर भोवऱ्यासारखं फिरतंय, आणि तेही शक्य असलेल्या कमाल मर्यादेच्या किमान ८४ टक्के.

हे का महत्त्वाचं? कारण कृष्णविवराच्या फिरण्यात त्याच्या खाण्याचा इतिहास असतो. सगळ्या बाजूंनी थोडं-थोडं, कसंही येऊन पडलं असतं, तर एकाने दिलेली गती दुसऱ्याने काढून घेतली असती. इतका वेग म्हणजे बराचसा माल एका दिशेने, शिस्तीत आला असावा. आता कड्यापासून कृष्णविवरापर्यंतचा शेवटचा टप्पा एकटा दांडा पार करून देत नाही, तिथे इतरही गोष्टी लागतात. पण माल दारापर्यंत आणून ठेवायचं काम दांड्याचं.

मग दांडा म्हणजे दीर्घिकेचं भलंच करतो का? इथेच गोष्ट गंमतशीर होते. वायू म्हणजे दीर्घिकेचं भांडवल. सगळं भांडवल घाईघाईने आत नेऊन खर्च केलं, तर पुढे काय? 'गॅलेक्सी झू' नावाचा प्रकल्प आहे, २००७ साली सुरू झाला. त्यात तुमच्या-माझ्यासारखे सामान्य लोक दीर्घिकांचे फोटो बघून "यात दांडा दिसतो का?" अशा प्रश्नांची उत्तरं देतात. त्या माहितीतून २०११ साली दिसलं की लालसर, म्हणजे नवे तारे कमी बनवणाऱ्या चकत्यांमध्ये निम्म्याहून जास्त जणींना दांडा आहे. निळसर, जोमात असलेल्या चकत्यांत हे प्रमाण खूपच कमी. आज ज्या दांड्यामुळे एनजीसी १३६५ चा गाभा उजळलाय, तोच उद्या तिची भट्टी विझायला कारण ठरू शकतो. दांड्यामुळेच भट्टी विझते, की विझत चाललेल्या दीर्घिकेत दांडा सहज बनतो, यावर अजून काम चालू आहे.

आणखी एक धक्का अलीकडेच बसला. दांडा बनायला दीर्घिका स्थिरस्थावर व्हावी लागते, असं मानलं जायचं. २००८ साली हबलच्या फोटोंतून दोन हजारांहून जास्त दीर्घिका तपासल्या, तेव्हा दिसलं की सात अब्ज वर्षांपूर्वी फक्त वीसेक टक्के सर्पिल दीर्घिकांना दांडा होता, आज पासष्टेक टक्क्यांना आहे. म्हणजे दांडा ही प्रौढपणाची खूण. मग २०२३ मध्ये वेबने सीअर्स-२११२ नावाची दीर्घिका दाखवली. विश्व जेमतेम २१० कोटी वर्षांचं असतानाची. आणि तिला दांडा! वयात यायच्या आधीच मिशी फुटावी तसं. त्यात २०२५ मध्ये आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्याच फोटोंत 'अलकनंदा' शोधली. विश्व दीडशे कोटी वर्षांचं असतानाची, दोन सुबक भुजा असलेली सर्पिल दीर्घिका. म्हणजे दीर्घिका आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा फार लवकर 'मोठ्या' होत होत्या. का? पुस्तकातला तो भाग सध्या पुन्हा लिहिला जातोय.

एनजीसी १३६५ स्वतः अजून एका वादात साक्षीदार आहे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये तिच्यात एका ताऱ्याचा स्फोट दिसला, एसएन २०१२एफआर. हा ज्या प्रकारचा सुपरनोव्हा होता, ते सगळे जवळपास सारख्याच तेजाचे मानता येतात, म्हणून फार लांबची अंतरं मोजायला ते वापरतात. पण त्यांचं खरं तेज आधी कुठेतरी ताडून घ्यावं लागतं. इथे एकाच घरात सेफिडही आहेत आणि तो सुपरनोव्हाही. म्हणून विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय हे मोजणाऱ्यांच्या यादीत ही दीर्घिका आहे. त्यांचं उत्तर येतं ७३ च्या आसपास. विश्वाच्या बाल्यातल्या प्रकाशावरून काढलेलं उत्तर येतं ६७ च्या आसपास. दोन्ही बाजू काळजीपूर्वक मोजतायत आणि उत्तरं जुळत नाहीत. मापात चूक आहे की आपल्या समजुतीत, हे ठरायचंय.

आता मघाशी म्हटलं होतं, आपल्याही घरात दांडा आहे. आकाशगंगेला दांडा असावा अशी शंका १९६४ मध्येच व्यक्त झाली होती. पण घरात बसून घराचा बाहेरचा आकार कसा दिसणार? त्यात मध्ये धूळ. २००५ साली स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीने सुमारे तीन कोटी ताऱ्यांची पाहणी करून दांड्याची लांबी काढली: सुमारे २७ हजार प्रकाशवर्षं. आपल्याला तो बाहेरून कधीच बघता येणार नाही. म्हणून एनजीसी १३६५ सारख्या दीर्घिका लागतात. तिच्यात वायू आत कसा जातो ते समजलं, की आपल्याकडे काय चाललंय याचा अंदाज येतो.

आणि एक गोष्ट जाता जाता. ही दीर्घिका दक्षिणेच्या आकाशात आहे, लंडनवाल्यांना ती क्षितिजाच्या वर जेमतेमच येते. पुण्याहून मात्र ती दक्षिणेला ३५ अंश चढते. डिसेंबरच्या शेवटी रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. मृग डावीकडे वर असेल, त्याच्या उजवीकडे बरंच खाली, मंद ताऱ्यांचा रिकामा वाटणारा भाग म्हणजे फोरनॅक्स. नुसत्या डोळ्यांना दीर्घिका दिसणार नाही. आठ इंची दुर्बीण आणि खरा अंधार हवा. वांगणीला किंवा भंडारदऱ्याला आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात, विदर्भातल्यांसाठी पेंच आहे, २०२४ पासून तिथे डार्क स्काय पार्क झालंय. तिथे दुर्बीणवाल्या दादाला किंवा ताईला नाव सांगून बघा. फोटोसारखं काही दिसणार नाही, करड्या रंगाचा एक फिकट डाग दिसेल. नजर सरावली की त्यात एक बारीक आडवी रेघ. तोच दांडा.

आणि दुर्बीण नसेल, तर गॅलेक्सी झू फोनवरही चालतं. दोन-चार दीर्घिका बघा, दांडा आहे की नाही ते सांगा. तुमचं उत्तर खरोखर मोजलं जातं.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि ऐकत राहा.